एकदम लागणारा पैसा: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मोठा खर्च हप्त्यांत विभागणे आणि तो अनेकांत वाटून घेणे, या दोन्ही विषयांवर आलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत. दोन्हींत शेवटी एकच गोष्ट ठरवावी लागते. वस्तू रिकामी पडेल किंवा वेळेआधी निकामी होईल, तेव्हा तो भार कोणाच्या अंगावर? उत्तरांतले आकडे प्रमाण समजावे म्हणून घेतले आहेत. ते कोणत्याही चलनात वाचता येतील.

प्रश्न: १२ लाखांचे यंत्र पाच वर्षांच्या हप्त्यांवर घ्यायचे आहे. एक जण १२ टक्के 'सरसकट' दराने देतो, दुसरा १५ टक्के 'घटत्या शिलकीवर'. पहिला स्वस्त ना?

नाही, पहिला बराच महाग आहे.

सरसकट दरात पाचही वर्षे पूर्ण १२ लाखांवर व्याज आकारले जाते. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, पण व्याजाच्या हिशेबात ते धरलेच जात नाही. वर्षाला १,४४,००० प्रमाणे पाच वर्षांत ७,२०,००० व्याज होते. एकूण १९,२०,००० भागिले ६०, म्हणजे हप्ता ३२,०००.

घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावर, महिन्याचा दर १.२५ टक्के पडतो. पहिल्या महिन्याचे व्याज १५,०००, आणि पुढे शिल्लक उतरेल तसे तेही उतरते. हप्ता काढण्यासाठी आधी १.०१२५ चा ६० वा घात काढा. तो सुमारे २.१०७ येतो. मग मुद्दल गुणिले ०.०१२५ गुणिले २.१०७ भागिले १.१०७ असे केले की हप्ता येतो साधारण २८,५४८. पाच वर्षांचे व्याज सुमारे ५,१२,९००. दुसऱ्याचा दर कागदावर जास्त दिसतो, तरी तुमचे दोन लाखांहून अधिक वाचतात.

पहिल्याचा खरा दर किती? घटत्या शिलकीच्या भाषेत तो वर्षाला सुमारे २०.३ टक्के भरतो. हे घरी तपासता येते. स्प्रेडशीटमध्ये 'रेट' नावाचे फंक्शन असते. त्यात क्रमाने हप्त्यांची संख्या, उणे चिन्ह लावून हप्ता आणि तुमच्या हाती पडलेली रक्कम घाला. उत्तर महिन्याच्या दरात येते, त्याला १२ ने गुणा. 'हाती पडलेली' हे शब्द महत्त्वाचे आहेत. प्रक्रिया शुल्क किंवा कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा आधीच कापून घेतला असेल, तर १२ लाखांतून तो वजा करूनच रक्कम टाका. दोन प्रस्ताव शेजारी ठेवताना हा एकच आकडा बघावा. नुसता हप्ता बघून निवड केली की मुदत वाढवून हप्ता छोटा दाखवणारा नेहमी जिंकतो.

प्रश्न: 'शून्य व्याज, १२ हप्ते' यात फसवणूक असते का?

फसवणूक नसेल, पण व्याज बहुधा किमतीत असते. विक्रेत्याला एकच विचारा: आज सगळे पैसे रोख दिले तर किती घ्याल? समजा वस्तू ६०,००० ची, हप्ते ५,००० चे १२. रोख घेतली तर ४,००० सूट मिळते, आणि हप्त्यांच्या सोयीसाठी १,००० शुल्क लागते. म्हणजे आजच्या घडीला तुम्हाला प्रत्यक्षात ५५,००० ची उधारी मिळाली आणि तुम्ही ६०,००० फेडता. वरच्याच पद्धतीने दर काढला तर वर्षाला १६ टक्क्यांच्या थोडा वर जातो. हप्ता चुकल्यावरचा दंड किती, हेही विचारून ठेवा. अशा योजनांत एका चुकलेल्या हप्त्यावर बिनव्याजी सवलत रद्द करून मागच्या तारखेपासून व्याज लावण्याची अट कधी कधी असते.

प्रश्न: घटत्या शिलकीवरचे कर्ज वर्षभर फेडले. आता दोन लाख जादा हाती आले आहेत. हप्ता कमी करून घ्यावा की मुदत?

पैशाची ओढाताण नसेल तर मुदत. पहिल्या उत्तरातलेच कर्ज घेऊ. १२ हप्त्यांनंतर शिल्लक सुमारे १०,२५,८०० उरते. दोन लाख भरल्यावर ८,२५,८००.

हप्ता २८,५४८ च ठेवला तर उरलेल्या ४८ ऐवजी ३७ हप्त्यांत कर्ज संपते, त्यातला शेवटचा जेमतेम साडेतीन हजारांचा. भरलेले दोन लाख वजा जाता सुमारे १,३९,००० व्याज वाचते. मुदत तीच ठेवून हप्ता उतरवला तर तो २२,९८२ होतो आणि बचत ६७,००० च्या आसपास राहते.

मात्र उत्पन्न महिन्यागणिक वरखाली होत असेल तर छोटा हप्ता घ्यावा आणि जमेल त्या महिन्यात जादा भरावे. त्याआधी करारात दोन गोष्टी शोधा: मुदतपूर्व फेडीवर शुल्क आहे का, आणि जादा भरलेली रक्कम त्याच दिवशी मुद्दलातून वजा होते की पुढच्या हप्त्यांची आगाऊ भरपाई म्हणून पडून राहते. दुसरे घडत असेल तर व्याज एका पैशानेही वाचत नाही. भरणा करताना 'मुद्दलात जमा करावे' असे लेखी द्या आणि पुढच्या महिन्याच्या उताऱ्यात शिल्लक खरोखर उतरली का ते पाहा.

प्रश्न: आम्ही पाच जणांनी मिळून लाकूड कापण्याचे संगणकीय यंत्र घेतले. 'वापराल तेवढे भरा' असा तासाचा दर ठेवला. सर्वांना न्याय्य वाटले होते, पण दोघे बाहेर काम करून घेऊ लागले आणि दर चढतोय. कुठे चुकले?

दराच्या रचनेत चुकले. हा प्रश्न इतक्या जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे की याला जास्त जागा देत आहोत.

समजा वर्षाचा ठरलेला खर्च १,५०,००० आहे. जागा, विमा, वार्षिक देखभाल आणि केवळ वय वाढल्यामुळे होणारा घसारा (यंत्राच्या मूल्यातली घट) त्यात आला. यंत्र एक मिनिटही चालले नाही तरी हा खर्च होतोच. शिवाय वीज, वंगण आणि चालण्याने होणारी झीज धरून तासाला १२० लागतात. वर्षाला ६०० तास वापर आहे. सगळे तासावर लादले तर दर २५० अधिक १२०, म्हणजे ३७० येतो. बाहेर कोणी ३६० ला काम करून देत असेल, तर वर्षाला १५० तास वापरणारा तिकडे जातो. उरले ४५० तास, दर झाला ४५३. मग १२० तासवाला जातो. ३३० तास उरतात आणि दर ५७५ वर पोचतो. दर वाढतो म्हणून माणूस जातो, माणूस जातो म्हणून दर वाढतो. आणि हे घडत असताना तुमचे यंत्र रिकामे उभे असते, जिथे जादा एक तास चालवायला फक्त १२० लागले असते!

उपाय म्हणजे दराचे दोन भाग करणे. ठरलेला खर्च प्रत्येकाने वापर होवो न होवो भरायचा, आणि तासाला फक्त चालवण्याचा खर्च घ्यायचा. वीजपुरवठ्याच्या धंद्यात हाच पेच पडला होता. जॉन हॉपकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८९२ मध्ये मांडले, की ग्राहकाने किती वीज जाळली याबरोबरच त्याच्यासाठी किती क्षमता राखून ठेवावी लागते याचेही पैसे वेगळे घ्यावेत. वीजबिलातला स्थिर आकार याच विचारातून येतो.

तुमच्याकडे ठरलेला भाग समान वाटायची गरज नाही. प्रत्येकाने वर्षाच्या सुरुवातीला आपण किती तास वापरणार ते लेखी सांगावे. २००, १५०, १२०, ८० आणि ५० तास असे आकडे आले, तर तासाला २५० प्रमाणे ५०,०००, ३७,५००, ३०,०००, २०,००० आणि १२,५०० असे वाटे पडतात. बेरीज बरोबर १,५०,०००. हे पैसे दर तिमाहीला आगाऊ घ्या. कमी वापरले तरी परत नाही. सांगितल्यापेक्षा जास्त वापरले तर त्या जादा तासांना पूर्ण ३७० चा दर. ही शेवटची अट नसेल तर सगळेच कमी तास सांगतात.

आता घसाऱ्याविषयी, कारण वाद इथेच पेटतात. यंत्र १० लाखांचे, आयुष्य ८ वर्षे, शेवटी २ लाख परत मिळतील असे धरले, तर वर्षाला १ लाख घसारा. तो दोन कारणांनी होतो. नियंत्रक जुना पडतो, रबरी पट्टे कडक होतात, सॉफ्टवेअरचा आधार बंद होतो. हे यंत्र न वापरताही होते. स्पिंडलचे (पाते फिरवणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग आणि सरकणारे रूळ झिजतात ते वापराने. म्हणून घसाऱ्याचा वयाचा हिस्सा, उदाहरणार्थ ६०,०००, ठरलेल्या खर्चात टाका आणि उरलेले ४०,००० तासाच्या दरात. ६०० तासांवर ते तासाला ६७ पडतात. किंमत सुरुवातीलाच सर्वांनी भरली आहे म्हणून घसारा वसूल करायचा नाही, असे करू नका. हा पैसा वेगळ्या खात्यात निधी म्हणून साठला पाहिजे. नाहीतर आठव्या वर्षी पुन्हा एकरकमी वर्गणी काढायची वेळ येते आणि गट तिथेच फुटतो.

तास मोजायला वहीवर विसंबू नका. तास-मीटर बसवा, आणि तो यंत्राच्या मुख्य स्विचला न जोडता स्पिंडलच्या मोटारीला जोडा. मुख्य स्विचला जोडला तर आराखडा भरण्यात गेलेला अर्धा तासही झीज म्हणून मोजला जातो आणि नवशिक्याला भुर्दंड बसतो. पाती प्रत्येकाने स्वतःची आणावीत. सामायिक पात्याला कोणी धार लावत नाही, आणि बोथट पात्याने स्पिंडलवर ताण येऊन बेअरिंग लवकर जाते.

एक गोष्ट दोन भागांच्या दरानेही सुटत नाही: सगळ्यांना एकाच आठवड्यात यंत्र हवे असते. गर्दीच्या दिवसांना तासाचा दर दीडपट करा आणि आरक्षण ४८ तास आधी रद्द केले नाही तर ते तास वापरले असे धरा. जादा आलेला पैसा निधीत टाका. तो आपसांत वाटला तर गर्दीत न येणाऱ्यांना गर्दी हवीशी वाटू लागते.

प्रश्न: एका वाटेवरच्या तीन घरांसाठी एकच पाण्याची वाहिनी टाकायची आहे. मुख्य जोडणीपासून घरे २०, ७० आणि १०० मीटरवर आहेत. एकूण खर्च ३ लाख. समान वाटणी पहिल्या घराला मान्य नाही.

त्याचे बरोबर आहे. मीटरला ३,००० धरले तर एकट्याने २० मीटर टाकायला त्याला ६०,००० लागतील. समान वाटणीत त्याच्याकडून १ लाख मागितले जातात. एकटे केले तर जितके लागेल त्याहून जास्त कोणाकडूनही घेऊ नये, ही सामायिक कामाची पहिली अट आहे.

टप्प्याटप्प्याने वाटा. पहिल्या २० मीटरमधून तिघांचेही पाणी जाते: ६०,००० भागिले तीन, प्रत्येकी २०,०००. पुढच्या ५० मीटरमधून दोघांचे जाते: १,५०,००० भागिले दोन, प्रत्येकी ७५,०००. शेवटचे ३० मीटर फक्त तिसऱ्याचे: ९०,०००. म्हणजे पहिला २०,०००, दुसरा ९५,००० आणि तिसरा १,८५,०००. प्रत्येक जण एकट्याच्या खर्चापेक्षा कमी भरतो. तिसऱ्याला एकट्याने ३ लाख लागले असते.

ही वाटणी मनाला येईल तशी केलेली नाही. गणितज्ञ लॉइड शॅपली यांनी १९५३ मध्ये सामायिक फायद्याच्या न्याय्य वाटणीचे जे गणित मांडले, ते अशा रचनेला लावले की हेच उत्तर येते. १९७३ मध्ये लिटलचाइल्ड आणि ओवेन या अभ्यासकांनी विमानतळाच्या धावपट्टीच्या खर्चाबाबत ते दाखवून दिले: छोट्या विमानाला छोटी धावपट्टी पुरते, म्हणून त्याने फक्त तेवढ्याच लांबीच्या खर्चात वाटा उचलावा. तिसरे घर म्हणेल की अंतराच्या प्रमाणात वाटा, म्हणजे मला १,५७,८९५ च पडतील. तेही अगदीच अन्यायाचे नाही, पण मग पहिल्या घराला ३१,५७९ पडतात, म्हणजे जिथून त्याचे पाणी जातच नाही त्या लांबीचेही काही पैसे तो भरतो.

प्रत्यक्ष कामात एक गुंतागुंत आहे. मीटरचा दर सगळीकडे सारखा नसतो. पहिल्या टप्प्यातून तिघांचे पाणी जाणार असल्याने तिथे नळी जाड लागते. त्याच वेगाने दुप्पट पाणी न्यायचे तर व्यास १.४ पट हवा. खोदाई मात्र जवळपास तेवढीच. म्हणून कंत्राटदाराकडून खोदाई, नळी आणि जोडण्या यांचे दर टप्प्यानुसार वेगळे मागा. खोदाई वर सांगितल्याप्रमाणे वाटा. नळीत पहिल्या घराला एकट्यापुरती जी बारीक नळी लागली असती तिच्या किमतीचा तिसरा हिस्सा त्याने द्यावा, आणि जाड नळीमुळे वाढलेला फरक मागच्या दोघांनी.

प्रत्येक शाखेवर झडप आणि मीटर आणि मुख्य जोडणीवर एक वेगळा मीटर बसवा. मुख्य आकडा तीन शाखांच्या बेरजेपेक्षा सतत जास्त येत असेल तर गळती सामायिक भागात आहे. टप्प्यांच्या सीमेवर झडपा असतील तर एकेक बंद करून ती कोणत्या टप्प्यात आहे हे तासाभरात कळते. दुरुस्तीचा खर्च त्या टप्प्याच्या वाटेकऱ्यांचा, हे आधीच लिहून ठेवा.

प्रश्न: पाच जणांच्या समान वाट्याच्या यंत्रात तीन वर्षांनी सहावा येऊ पाहतो. त्याच्याकडून किती घ्यायचे? आणि कोणी बाहेर पडले तर?

यंत्र वरच्यासारखेच १० लाखांचे आणि वर्षाला १ लाख घसाऱ्याचे धरू. आजचे मूल्य ७ लाख, निधीत ३ लाख साठलेले. सहाव्याने ७ लाखांचा सहावा हिस्सा, १,१६,६६७, जुन्या पाच जणांना द्यावा. प्रत्येकाला २३,३३३ मिळतील. निधीत जुन्यांचे प्रत्येकी ६०,००० आहेत, म्हणून तोही ६०,००० निधीत भरतो. हे पैसे वाटायचे नाहीत. मूळ किमतीचा सहावा हिस्सा मागणे चूक आहे, कारण तीन वर्षांचा वापर त्याने केलेला नाही. आणि फक्त पुढची वर्गणी घेऊन त्याला आत घेणे त्याहून वाईट: पुढच्या वेळी सुरुवातीचा धोका पत्करायला कोणी पुढे येत नाही, सगळे नंतर यायचे म्हणून थांबतात.

बाहेर पडणाऱ्याचा हिशेब नुसत्या पुस्तकी मूल्यावर, म्हणजे किमतीतून घसारा वजा करून उरलेल्या आकड्यावर, करू नका. यंत्र आज विकले तर काय येईल, याचे दोन विक्रेत्यांकडून लेखी भाव घ्या, त्यांची सरासरी आणि पुस्तकी मूल्य यांतला कमी आकडा धरा. ९० दिवसांची सूचना हवी, आणि रक्कम चार तिमाही हप्त्यांत किंवा बदली सदस्य मिळाल्यावर, यांतले जे आधी घडेल तेव्हा. नाहीतर एका जणाला तातडीने पैसे द्यायला बाकीच्यांना यंत्र विकावे लागते. कर्ज संयुक्त नावावर असेल तर गटातून बाहेर पडल्याने कर्ज देणाऱ्यापुढची जबाबदारी संपत नाही. बहुतेक संयुक्त करारांत कोणाही एकाकडून पूर्ण थकबाकी मागता येते. नाव कमी करून घेतल्याचे कर्ज देणाऱ्याचे पत्र हाती येईपर्यंत हिशेब मिटला असे समजू नका.

प्रश्न: ६ लाखांचे चार वर्षे टिकणारे यंत्र घ्यावे की ९ लाखांचे आठ वर्षे टिकणारे? देखभाल अनुक्रमे ४०,००० आणि ३०,०००.

दोन्ही वार्षिक खर्चात बदला. पैशाची किंमत, म्हणजे त्यावरचे व्याज, वर्षाला १० टक्के धरली तर चार वर्षांचा गुणक ०.३१५५ आणि आठ वर्षांचा ०.१८७४ आहे. यंत्राच्या किमतीला या गुणकाने गुणले की व्याजासकट वर्षाचा समान वाटा मिळतो. पहिल्याचे १,८९,३०० अधिक ४०,०००, म्हणजे २,२९,३००. दुसऱ्याचे १,६८,७०० अधिक ३०,०००, म्हणजे १,९८,७००. दुसरे वर्षाला सुमारे ३०,००० ने स्वस्त पडते. फक्त आठही वर्षे काम असेल याची खात्री हवी. तंत्र झपाट्याने बदलत असेल तर चार वर्षांनी पुन्हा निवड करायची मोकळीक त्या ३०,००० पेक्षा मोलाची ठरू शकते.

भाड्याने घेण्याशी तुलनाही याच आकड्यावरून होते. भाडे तासाला १,२०० आणि स्वतःचे यंत्र चालवायला ४५० लागत असतील, तर १,९८,७०० भागिले ७५०, म्हणजे वर्षाला २६५ तास. त्याखाली वापर असेल तर भाडे बरे, किंवा भागीदार शोधा.

प्रश्न: दहा वर्षांनी छत बदलावे लागेल. आजचा खर्च ९ लाख. वर्षाला ९०,००० बाजूला टाकले की झाले?

पुरणार नाही. खर्च वर्षाला ५ टक्क्यांनी वाढला तर दहा वर्षांनी तेच काम १४,६६,००० ला पडेल. ठेवीवर ६ टक्के मिळत असतील तर वर्षअखेरीस भरायचा हप्ता १,११,२०० च्या आसपास येतो. हप्ता दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवत नेला तर सुरुवात कमी रकमेने करता येते. अनेकांच्या सामायिक छतासाठी हीच पद्धत जास्त न्याय्य आहे, कारण मग आज राहणारे आणि आठ वर्षांनी राहणारे साधारण सारख्याच मोलाची वर्गणी भरतात. दर तीन वर्षांनी नवा अंदाज मागवून हप्ता दुरुस्त करा. निधी रोजच्या खर्चाच्या खात्यात ठेवू नका. तिथे तो दुरुस्त्यांत हळूहळू मुरतो आणि नवव्या वर्षी कोणाच्या तरी लक्षात येते.

प्रश्न: कर्जाची मुदत जास्तीत जास्त किती घ्यावी?

वस्तूच्या उपयोगी आयुष्यापेक्षा कमी, शक्यतो त्याच्या दोन तृतीयांशापर्यंत. शेवटच्या वर्षांत दुरुस्ती वाढते. त्याच वेळी हप्ताही चालू असेल तर दोन्ही भार एकदम येतात. सुरुवातीचाही धोका बघा. पहिल्या उदाहरणात वर्षानंतर शिल्लक १०,२५,८०० आहे. यंत्र तोवर ८.५ लाखांनाच विकले जात असेल, तर काम बंद पडल्यास विकूनही पावणेदोन लाखांवर खिशातून घालावे लागतील. सुरुवातीला किमतीच्या २० टक्के रोख भरले, तर कर्ज ९,६०,००० चे होते आणि वर्षानंतरची शिल्लक ८,२०,६०० च्या आसपास, म्हणजे विक्रीच्या रकमेत बसते.